शिकार आणि उपद्रवी प्राण्यांच्या बंदोबस्तासाठी टिकाऊ कपडे व बूट कसे निवडावेत

कामाचा कपडा सगळीकडून एकाच वेळी जात नाही. पँट बहुधा दोन पायांमधल्या शिवणीत उसवते किंवा गुडघ्यावर विरते. जाकीट खांद्यावर, जिथे बंदुकीचा किंवा पाठपिशवीचा पट्टा घासतो तिथे, आणि बाहीच्या कडेला झिजते. बूट बोटांमागच्या घडीवर तडकतो किंवा सोल चामड्याला जोडला आहे त्या रेषेवर तोंड उघडतो. उरलेला सगळा कपडा तेव्हा धडधाकट असतो, पण त्याचा उपयोग संपलेला असतो. म्हणून टिकाऊ पोशाख निवडताना कापडाच्या नावावरून किंवा चिठ्ठीवरच्या आकड्यांवरून सुरुवात न करता, आपले काम कपड्याला नेमके कुठे आणि कशाने इजा करते या प्रश्नापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचे सगळे विवेचन याच क्रमाने केले आहे.

आधी कामाचे स्वरूप कागदावर मांडावे

शिकार आणि बंदोबस्त हे दोन शब्द दुकानात एकाच फळीवर ठेवलेले दिसतात, पण अंगावरच्या कपड्यांच्या दृष्टीने ती पाच-सहा वेगवेगळी कामे आहेत. जनावराच्या मागावर डोंगरउतारावर दिवसभर चालणाऱ्याला घाम बाहेर टाकणारे, हलके आणि आवाज न करणारे कपडे लागतात. मचाणावर किंवा आडोशाला तासन् तास बसणाऱ्याची अडचण नेमकी उलटी असते: त्याला घाम येत नाही, थंडी वाजते. काटेरी झुडपांतून कुत्र्यांबरोबर सशामागे किंवा रानडुकरामागे शिरणाऱ्याच्या मांड्या आणि नडग्या सतत ओरबाडल्या जातात. रात्री बॅटरीच्या उजेडात शेतात फिरणाऱ्याला दव आणि चिखल यांचा सामना करावा लागतो, आणि तो कुठे पाय टाकतो आहे हे त्याला दिसत नाही. धान्याच्या कोठारात उंदीर-घुशींचे सापळे लावणारा अर्धा वेळ गुडघ्यांवर असतो. कीटकनाशक फवारणाऱ्याला तर टिकाऊपणापेक्षा कपड्यात औषध मुरते की नाही हे पाहावे लागते.

गेल्या वर्षभरात आपण यांपैकी कोणते काम किती दिवस केले हे प्रामाणिकपणे लिहून काढावे. बहुतेक जण वर्षातून तीन दिवस होणाऱ्या कामाच्या कल्पनेने खरेदी करतात आणि उरलेले दिवस त्याच चुकीच्या कपड्यात काढतात. कायदा आणि परवाना यांची अट इथे गृहीत धरली आहे. कोणता प्राणी कुठे व केव्हा मारता येतो आणि त्या वेळी कोणत्या रंगाचे कपडे घालावेच लागतात, हे त्या त्या ठिकाणच्या नियमांवरून ठरते आणि ते खरेदीपूर्वी पाहून ठेवावे.

पैसे पायांपासून वर खर्च करावेत

खर्चाचा क्रम माझ्या मते असा असावा: बूट, मोजे, पँट, पावसाचे जाकीट, आणि मग बाकी सगळे. साधा शर्ट घालून दिवस निभावतो, पण टाचेला फोड आल्यावर तो निभावत नाही. बुटांवर या लेखात सर्वांत जास्त जागा खर्च केली आहे, ती याच कारणाने.

बुटाचा विचार सोलपासून करावा. खोल खाचांचा रबरी सोल आज सर्वत्र दिसतो, पण तो तसा जुना नाही. १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला आणि त्याला त्यांचे अपुरे बूट काही अंशी कारणीभूत ठरले, असे मानले गेले. त्यानंतर विताले ब्रामानी यांनी गिर्यारोहणासाठी खाचांचा रबरी सोल विकसित केला आणि १९३७ साली त्याचे पेटंट घेतले. त्यांच्या नावातूनच ‘व्हिब्रम’ हे नाव आले. तरीही खोल खाचा सगळीकडे चांगल्या असतात हा समज चुकीचा आहे. चिखलात आणि गवताळ उतारावर चार-पाच मिलिमीटर खोल, एकमेकांपासून लांब असलेल्या खाचा हव्यात, कारण त्यांत अडकलेला चिखल पुढच्या पावलांबरोबर आपोआप झडतो. कोठाराच्या किंवा गोठ्याच्या ओल्या, गुळगुळीत फरशीवर मात्र हेच उंचवटे टेकायला जागा कमी देतात आणि पाय सटकतो. तिथे बारीक रेघांचा, सपाट आणि मऊ रबराचा सोल जास्त भरवशाचा असतो. ज्याला दोन्ही ठिकाणी काम आहे त्याने दोन जोड घ्यावेत. ही चैन नव्हे, कारण एकाआड एक वापरलेले आणि मधल्या दिवशी पूर्ण वाळलेले दोन जोड रोज ओले वापरलेल्या एका जोडाच्या दुपटीहून जास्त काळ चालतात, असा माझा अनुभव आहे.

सोल वरच्या भागाला कसा जोडला आहे हे त्यानंतर पाहावे. नुसत्या चिकटवलेल्या सोलचा बूट हलका आणि स्वस्त असतो, पण ओल, उष्णता आणि सततची मुरड यांनी ती चिकट कधीतरी सुटते. गुडइयर वेल्ट पद्धतीत चामड्याची एक पट्टी बुटाला शिवलेली असते आणि सोल त्या पट्टीला शिवला जातो. त्यामुळे सोल झिजल्यावर वरचा भाग न उसवता नवा सोल बसवता येतो. अशा बुटाची किंमत आणि वजन जास्त असते, आणि नवेपणी तो कडक लागतो. वर्षाला पंधरा-वीस दिवस बाहेर पडणाऱ्याला चिकटवलेला चांगला बूट पुरतो. ज्याचे पोट या कामावर आहे त्याने सोल बदलता येणाराच बूट घ्यावा, आणि तो बदलून देणारा कारागीर आपल्या आवाक्यात आहे की नाही याची चौकशी आधी करावी.

चामड्यात पूर्ण पोताचे, म्हणजे फुल ग्रेन चामडे सर्वांत टिकाऊ असते, कारण कातडीचा वरचा घट्ट विणीचा थर त्यात शाबूत राहतो. नुबक हेही त्याच दर्जाचे चामडे असते, फक्त वरून किंचित घासलेले; त्यावर ओरखडे कमी दिसतात. स्प्लिट लेदर हा कातडीचा खालचा थर असतो आणि वरून रंगाचा लेप दिला की तो ओळखू येत नाही. तो लवकर ताणतो व पाणी पितो. काटेरी किंवा खडकाळ जागी अडीच मिलिमीटरच्या आसपास जाडीचे चामडे असावे. चामड्याचे तुकडे जितके कमी तितक्या शिवणी कमी, आणि शिवण हीच दगडावर प्रथम घासली जाते. म्हणून पुढचा भाग एकसंध असलेला आणि बोटांभोवती रबराची पट्टी चढवलेला बूट पसंत करावा. कापड आणि चामडे यांचे रंगीबेरंगी जोडकाम असलेले बूट फळीवर देखणे दिसतात, झुडपांत मात्र त्यांच्या शिवणी एकेक करून उसवत जातात.

आतल्या जलरोधक पडद्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण विक्रेता सर्वाधिक भर त्यावरच देतो. गोअर-टेक्ससारखा पडदा, म्हणजे पाणी अडवून वाफ बाहेर सोडणारा पातळ थर, नवा असताना दव, ओले गवत आणि उथळ पाणी नक्की अडवतो. पण पाणी एकदा बुटाच्या तोंडातून आत शिरले की तोच पडदा त्याला बाहेर जाऊ देत नाही आणि बूट वाळायला खूप वेळ लागतो. शिवाय बोटांमागे, जिथे बूट प्रत्येक पावलाला मुडपतो, तिथे पडदा कालांतराने तडकतोच. चामडे आणि सोल चांगले असतानाही बूट मग गळू लागतो. थंड आणि ओल्या हवेत पडदा उपयोगी आहे. उष्ण हवेत, किंवा दिवसातून अनेकदा ओढे ओलांडावे लागत असतील तर, पडदा नसलेला, मेण लावलेला चामडी बूट अधिक शहाणपणाचा, कारण तो भिजला तरी लवकर वाळतो.

उंची आणि ऊब ही दोन्ही कामावरून ठरवावीत. घोट्याच्या थोड्या वर येणारा, सुमारे पंधरा सेंटिमीटरचा बूट सपाट जागी पुरे होतो. पाठीवर ओझे घेऊन उतारावरून येताना वीस सेंटिमीटरच्या आसपासची उंची घोट्याला आधार देते. उबदार अस्तराचे वजन ग्रॅममध्ये छापलेले असते आणि तो आकडा जितका मोठा तितके उबदार, हे खरे असले तरी चालणाऱ्याने मोठ्या आकड्याच्या मोहात पडू नये. ८०० ग्रॅमचा बूट घालून चढण चढलेल्या माणसाचे मोजे घामाने भिजतात आणि थांबल्याबरोबर पाय गारठतात. तो बूट बसून राहणाऱ्यासाठी आहे. चालणाऱ्याला अस्तराविना किंवा फार तर २०० ग्रॅमचा बूट पुरतो.

सापांचा वावर असलेल्या जागी गुडघ्यापर्यंतचे जाड सर्परोधक बूट किंवा नडगीवर बांधायची कवचे वापरावीत, कारण सर्पदंश बहुतांशी पाऊल, घोटा आणि पोटरी या भागांतच होतात. साध्या चिखलपट्ट्या, म्हणजे नडगीभोवती बांधायचे कापडी गेटर, काटे आणि दव अडवतात, दात अडवतीलच असे नाही.

गमबुटांची गोष्ट वेगळी. नैसर्गिक रबराचा गमबूट लवचीक आणि चालायला सुखद असतो, पण ऊन लागून त्याला भेगा पडतात आणि तेल किंवा डिझेल लागल्यास तो फुगतो व खराब होतो. पीव्हीसीचा स्वस्त असतो, थंडीत कडक होतो, पण तेलाला आणि अनेक रसायनांना तुलनेने जास्त तोंड देतो. निओप्रीन, म्हणजे स्पंजासारखे कृत्रिम रबर, लावलेला गमबूट सर्वांत उबदार; मात्र बाभळीचा एक काटा त्याला भोक पाडायला पुरतो, आणि आतून भिजला तर तो दिवसभर वाळत नाही.

बूट पायाला बसतो की नाही हे असे तपासावे

बूट संध्याकाळी घ्यायला जावे, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजलेले असते. प्रत्यक्ष कामावर घालणार तेच मोजे बरोबर न्यावेत. दोन्ही पावले मोजून घ्यावीत आणि मोठ्या पावलाप्रमाणे माप ठरवावे. बुटातील सुटा तळ काढून जमिनीवर ठेवावा व त्यावर उभे राहावे: सर्वांत लांब बोटाच्या पुढे सुमारे एक ते दीड सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे आणि पाऊल दोन्ही बाजूंनी तळाबाहेर सांडता कामा नये. मग बूट घालून नाडी न बांधता पाऊल पूर्ण पुढे सरकवावे. टाचेमागे एक बोट जेमतेम जावे. नाडी घट्ट बांधून जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात, किंवा दुकानात उतरती फळी असल्यास तिच्यावरून खाली यावे. बोटे पुढे आदळत असतील तर तो बूट डोंगर उतरताना नखे काळी करील. चढताना टाच किंचित उचलली जाणे नव्या कडक बुटात चालते. ती सैल घसरत असेल तर चालत नाही, आणि ‘वापराने बसेल’ हे आश्वासन टाचेच्या बाबतीत मानू नये. चामडे वापराने रुंदीत सैलावते, लांबीत वाढत नाही.

नवा बूट पहिले दोन-तीन आठवडे घरी आणि जवळपासच्या फेऱ्यांत घालावा. पावलावरची आणि पोटरीकडची नाडी वेगवेगळ्या ताणाने ठेवायची असेल तर घोट्याच्या वाकणाशी नाडीचा दुहेरी वेढा द्यावा. तो खालचा ताण धरून ठेवतो. मोजे लोकरीच्या मिश्रणाचे असावेत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली त्वचा मऊ पडते, आणि मऊ पडलेली त्वचा घासून फोड येतो. एक जास्तीचा कोरडा जोड नेहमी पिशवीत ठेवावा.

पँट: ओरखडा, बैठक आणि शिवण

काटेरी जागी पँटचे कापड घट्ट विणीचे आणि गुळगुळीत असावे. धाग्याची जाडी डेनिअरमध्ये सांगतात. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे त्याचे डेनिअर. मांड्यांच्या पुढे, गुडघ्यावर आणि पायाच्या कडेला ५०० डेनिअरच्या आसपासच्या नायलॉनची दुहेरी पट्टी असलेली पँट झुडपांत टिकते. संपूर्ण पँटच तशा कापडाची घेतली तर ती कडक, गरम आणि खरखर वाजणारी होते, म्हणून मजबुती फक्त मार बसतो तिथेच असावी. बाकीच्या भागासाठी पॉलिएस्टर आणि सूत यांचे ६५ व ३५ टक्के मिश्रण हा जुना, सर्वत्र वापरला जाणारा तोडगा आहे: पुरेसे दणकट, वाळायला बरे आणि अंगाला सुसह्य. कापडाचे वजन दर चौरस मीटरला २५० ते ३०० ग्रॅम असेल तर ते रोजच्या कामाला योग्य; उन्हाळ्यात चालण्यासाठी १५० ते २०० ग्रॅम पुरते, पण काट्यांत ते फार काळ राहणार नाही हे समजून घ्यावे. निव्वळ सुती जीन्स थंड आणि ओल्या हवेत टाळावी. ती पाणी धरते, जड होते आणि अंगाची ऊब ओढून घेते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पंचवीसपट आहे, आणि ओले सूत हे शेवटी त्वचेला चिकटलेले पाणीच असते.

शिवण पाहण्यासाठी पँट उलटी करावी. मुख्य शिवणींना कापडाच्या कडा एकमेकींत दुमडून दोन किंवा तीन टिपा घातलेल्या असाव्यात, आणि टाके सेंटिमीटरला तीन ते चार असावेत. टाके फार विरळ असले तर शिवण उघडते. फार दाट असले तर सुईच्या छिद्रांनीच जाड कापड कमजोर होते. खिशांची टोके, चेनचा शेवट आणि पट्ट्याचे फासे इथे दाट आडवी टीप हवी. दोन पायांच्या मध्ये चार शिवणी एका बिंदूवर आणण्याऐवजी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला असेल तर ती पँट घेण्याजोगी आहे असे बेलाशक समजावे, कारण पँट फाटण्याची सर्वांत ठरलेली जागा त्याने नाहीशी केलेली असते. पँट घालून पूर्ण उकिडवे बसावे, एक पाय कमरेएवढ्या उंचीवर ठेवून पाहावा. कोठारात किंवा पोटमाळ्यावर काम असेल तर गुडघ्यांशी गादी सरकवण्याचे खिसे आहेत का हेही पाहावे.

अंगावरचे थर

आतला थर घाम ओढून घेणारा, मधला ऊब धरणारा आणि बाहेरचा वारा-पाऊस अडवणारा, ही रचना बहुतेकांना ठाऊक असते. आतल्या थरासाठी मेरिनो लोकर उत्तम: ती आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही ओली लागत नाही, आणि तिला घामाचा वास लवकर धरत नाही. पातळ मेरिनो काट्याने आणि कसरीने मात्र लवकर भोके पाडून घेते, म्हणून ती आतच राहावी. पॉलिएस्टरची बंडी स्वस्त आणि दणकट असते, तिला वास येतो. मधल्या थरासाठी फ्लीस किंवा जाड लोकर. शेकोटीजवळ बसण्याची सवय असेल तर लोकरच, कारण ठिणगी पडल्यावर लोकर जळून काळी पडते, तर नायलॉन-पॉलिएस्टर वितळून भोक पडते आणि वितळलेला थेंब त्वचेला चिकटतो.

पावसाच्या जाकिटावर पाण्याच्या स्तंभाचा आकडा छापलेला असतो. १०,००० मिलिमीटर म्हणजे नवे कापड दहा मीटर उंच स्तंभाइतका दाब सोसते. साध्या पावसाचा दाब त्याच्या जवळपासही जात नाही. पाणी शिरते ते पट्ट्याखाली दबलेल्या खांद्यातून, बसल्यावर दबणाऱ्या भागातून आणि टेकलेल्या गुडघ्यांतून, आणि त्याहून जास्त वेळा शिवणीतून, चेनमधून किंवा गळ्यातून. म्हणून आकड्यापेक्षा सगळ्या शिवणींवर आतून चिकटपट्टी आहे का, चेनवर झाकणपट्टी आहे का आणि टोपी मानेबरोबर वळते का हे पाहावे. काखेतल्या चेनमुळे चढणीवर वाफ बाहेर जाते, ती असावी.

मेण चढवलेले सुती जाकीट हा जुना आणि माझ्या आवडीचा पर्याय आहे. ते जड असते, घाम बाहेर सोडत नाही, पण काट्यात नव्या पडद्याच्या जाकिटापेक्षा कितीतरी अधिक टिकते, आवाज कमी करते आणि फाटले तर सुई-दोऱ्याने व मेणाने घरी दुरुस्त होते. पडद्याच्या जाकिटाला काट्याने पडलेले भोक लगेच ठिगळ न लावल्यास तिथून गळतच राहते.

चेन मोठ्या, सुट्या दातांची असावी. तिच्यावरचा ५, ८, १० हा आकडा साधारणपणे दातांच्या पट्टीची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो, आणि जाकिटाच्या पुढच्या बाजूला ५ पेक्षा लहान चेन नको. बारीक वेटोळ्याची चेन वाळूने अडकते. चिकटणाऱ्या खरखरीत पट्ट्या शांत रानात फार मोठा आवाज करतात आणि त्यांच्यात गवताच्या कुसळांची भर पडते. खिशांना गुंडीच बरी. जाकीट घालून बंदूक खांद्याला लावल्याचा पवित्रा घ्यावा: पाठ ताणली जाऊ नये, बाही मनगटावरून वर सरकू नये, आणि खांद्यावर दस्ता टेकतो तिथे गुंडी किंवा जाड शिवण असू नये.

रंग, आवाज आणि धुण्याची पावडर

हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. त्यांना नारिंगी आणि हिरवा यांतला फरक आपल्यासारखा दिसत नाही, पण निळा रंग चांगला दिसतो. त्यामुळे भडक नारिंगी बंडी हरणाला दचकवत नाही आणि दुसऱ्या शिकाऱ्याला दुरून दिसते. अमेरिकेची अनेक राज्ये आणि कॅनडाचे अनेक प्रांत काही हंगामांत ती सक्तीची करतात. सक्ती नसेल तिथेही, एकाहून अधिक बंदुका रानात असताना, ती घालावी. पक्ष्यांची गोष्ट वेगळी आहे, त्यांना रंग आपल्याहून अधिक दिसतात, आणि तिथे चेहरा व हात झाकणे महत्त्वाचे ठरते. नक्षीदार छद्मरंगाच्या कपड्यांवर जास्त पैसे घालवू नयेत. हालचाल आणि वारा यांनीच माणूस प्रथम उघडा पडतो. कपडे उजळवणारी पावडर मात्र टाळावी, कारण तिच्यातली द्रव्ये अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात, आणि निळा रंग हरणाला उत्तम दिसतो.

आवाजाची परीक्षा दुकानातच होते. कापडावर नखाने ओढावे. जे चरचरते ते झुडपाच्या फांदीलाही चरचरेल.

गोचिडी आणि पर्मेथ्रिन

गोचिडीच्या प्रदेशात पँटचे पाय मोज्यांत खोचावेत आणि फिकट रंग वापरावा, म्हणजे चढणारी गोचीड दिसते. कपड्यांना ०.५ टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावता येते. ते कपड्यांसाठी असते, त्वचेसाठी नव्हे, आणि पूर्ण वाळल्यावरच कपडा घालावा. ओले पर्मेथ्रिन मांजरांना विषारी असते आणि ते माशांनाही घातक आहे, म्हणून मांजर असलेल्या घरात किंवा ओढ्याकाठी ते लावू नये. परतल्यावर कोरडे कपडे वाळवण्याच्या यंत्रात जास्त उष्णतेवर किमान दहा मिनिटे फिरवल्यास त्यांतल्या गोचिडी मरतात. नुसत्या धुण्याने त्या मरतीलच असे नाही.

फवारणी, घुशी आणि गांधीलमाश्या

इथे टिकाऊपणाचा अर्थच बदलतो. चामडे कीटकनाशक शोषते आणि ते पूर्णपणे धुऊन काढता येत नाही. म्हणून कितीही चांगला चामडी बूट असला तरी फवारणीला तो घालू नये. अस्तर नसलेला रबरी किंवा नायट्राइल या कृत्रिम रबराचा बूट घ्यावा आणि पँट बुटाच्या बाहेर ठेवावी, नाहीतर पायावरून ओघळणारे औषध थेट बुटात उतरते. हातमोजे अस्तराविना नायट्राइलचे असावेत. खाली फवारताना बाही मोज्याच्या बाहेर राहावी. डोक्याच्या वर फवारताना बाही मोज्याच्या आत खोचून मोज्याचे तोंड दुमडावे. औषधाच्या डब्यावरील चिठ्ठीत जी साधने सांगितली आहेत ती किमान मानावीत. अंगातली डांगरी घरच्या कपड्यांपासून वेगळी धुवावी, आणि मूळ, पाणी न घातलेले औषध सांडून भिजलेला कपडा धुण्याच्या भानगडीत न पडता नियमाप्रमाणे टाकून द्यावा. महागडी, टिकाऊ डांगरी घेतली की हा निर्णय जड जातो. म्हणून फवारणीचा कपडा मुद्दाम साधाच घ्यावा.

उंदीर-घुशींच्या जागी धोका मुतापासून आणि विष्ठेच्या धुळीपासून असतो. लेप्टोस्पायरोसिस ओल्या जागेतून, त्वचेवरच्या ओरखड्यांवाटे शिरतो, तर हंताव्हायरस वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासात जातो. पाणी न शिरणारे बूट, जाड हातमोजे आणि वापरून टाकायची डांगरी ही इथली गरज आहे. अशा डांगऱ्यांत युरोपीय वर्गीकरणातला प्रकार ५ कोरड्या कणांसाठी आणि प्रकार ६ हलक्या शिंतोड्यांसाठी असतो. कोरडी विष्ठा झाडू नये, जंतुनाशकाने भिजवूनच उचलावी. पत्रे, खिळे आणि मोडके लाकूड पडलेल्या जागी युरोपीय मानकातला एस-३ वर्गाचा बूट योग्य: त्याच्या पुढच्या टोपीने २०० जूलचा आघात सोसावा लागतो आणि त्याच्या तळव्यात खिळा अडवणारा थर असतो. त्याच धर्तीचा गमबूट एस-५ वर्गात मिळतो.

गांधीलमाश्यांचे पोळे काढताना पोशाख फिकट, गुळगुळीत आणि सैल असावा. कापड त्वचेला ताणून बसले की नांगी आरपार जाते. खांदे, कोपर आणि गुडघे या जागी म्हणूनच आत एक जाड थर घालावा.

निगा

रक्ताचे डाग थंड पाण्यानेच काढावेत, कारण गरम पाण्याने रक्तातली प्रथिने धाग्यात घट्ट बसतात. जलरोधक जाकीट सौम्य द्रवाने धुवावे, कपडे मऊ करणारे द्रव्य कधीच वापरू नये, आणि चिठ्ठीवर परवानगी असेल तर हलक्या उष्णतेने वाळवावे; त्याने पाणी झटकणारा वरचा लेप पुन्हा कामाला लागतो. अलीकडे हा लेप फ्लोरिनयुक्त रसायनांविना बनू लागला आहे. तो पर्यावरणाला बरा असला तरी तेलकट मळाला पूर्वीइतके तोंड देत नाही, त्यामुळे जाकीट अधिक वेळा धुवावे लागते. मेणाचे जाकीट मात्र साबण किंवा यंत्र यांपासून दूर ठेवावे. थंड पाण्याच्या बोळ्याने पुसावे आणि वर्षातून एकदा मेण चढवावे.

बूट ओले आल्यावर चिखल घासून काढावा, सुटा तळ आणि नाड्या काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत व दर काही तासांनी बदलावेत. शेगडीजवळ वाळवलेले चामडे आखडते आणि तडकते. पूर्ण वाळायच्या आधी, किंचित दमट असतानाच मेण लावावे. तेल जपून वापरावे, कारण जास्त तेलाने चामडे मऊ पडते आणि घोट्याचा आधार जातो.

एक धोका मात्र न वापरलेल्या बुटालाच असतो. अनेक बुटांत सोल आणि तळ यांच्यामधला थर पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेतल्या बाष्पाशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने तो काही वर्षांत आतल्या आत भुसभुशीत होतो. बूट कपाटात नवाकोरा दिसतो आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी, घरापासून दहा किलोमीटरवर, सोल गळून पडतो. म्हणून हंगामाच्या महिनाभर आधी बूट बाहेर काढावेत, दोन्ही हातांनी वाकवावेत, मधल्या थरावर अंगठ्याचे नख दाबावे. नखाखाली भुगा निघाला किंवा वाकवताना बारीक भेगांचे जाळे उमटले, तर तो थर बदलून घ्यावा किंवा दुसरा जोड घ्यावा, आणि तो पायाला बसवायला महिना हातात असतोच.